आत्तेच्या भिंतीवरचं हिंव

प्रिय आत्ते,

मला राग आलाय, आणि तो ऐकून घेईल असं घरात कोणी नाही. शंकर रंगाऱ्याला घेऊन जेवायला गेलाय. रंगाची बादली मी न्हाणीघरात कोंडून ठेवलीय आणि किल्ली माझ्या पदराला आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "रमे, आधी बैस, मग भांड." बसलेय. आता ऐक.

उद्या भोगी. मार्गळी महिन्याचा शेवटचा दिवस, तुझा दिवस. तिथीप्रमाणे तुझं वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. लोक आले, जेवले, "टीचरम्मा किती सोशिक होत्या" असं म्हणून पान खाऊन गेले. सोशिक? तू? मी वाढता वाढता हसले. तेव्हाही तुला लिहावंसं वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण काल शंकरनं मला एक गोष्ट सांगितली. ती तुला सांगितल्याशिवाय उद्या पहाटे अंगणात जायला माझे पाय उचलणार नाहीत.

पण आधी आज सकाळचा राग, कारण तो छोटा आहे आणि लवकर आटपेल. माझा फोन हल्ली न विचारता हवामान सांगतो. आज म्हणाला, उद्याच्या तारखेला तंजावुरात आजवर झालेली सर्वांत जास्त थंडी इतकी इतकी. कोणी मोजली ही? खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जवळच्या केंद्रावरून. जवळचं म्हणजे कुठलं? आपल्या अंगणात तर कोणी आलं नव्हतं. आणि त्याखाली काय, तर "सुखद हवामान". सुखद! राजवाड्यापासून बसस्टँडपर्यंत निम्मं गाव मंकी कॅप घालून फिरतंय. तिरुवैयारूहून दूध घेऊन येणारा माणूस सायकलवर स्वेटर घालून, वर टॉवेल गुंडाळून येतो आणि काफी मागतो. आणि फोन म्हणतो सुखद. तू असतीस तर फोनलाच भूगोल शिकवला असतास.

तुझाही सगळा उद्योग अशाच एका रागातून सुरू झाला, नाही का? ती गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मी तिथं हजर होते असं मला वाटतं. अशीच भोगी होती. पुण्याचे लोक तुला बघायला आले होते. आजोबांना केवढा आनंद! आपल्या तंजावुरी मराठी घराला खुद्द महाराष्ट्रातलं स्थळ! तू शाल पांघरून बाहेर आलीस, त्यांना काफी दिलीस आणि साधं बोलायचं म्हणून बोललीस, "आज भारी हिंव वाजतंय."

मुलाची आई कप खाली ठेवून हसली. "हिंव? अगंबाई, हा शब्द आमच्याकडे पणजीबरोबर गेला. आणि इथं कसली गं थंडी? आम्हांला तर पंखा लावा म्हणायचं होतं."

आणि आजोबांनी उठून पंखा लावला. पाहुण्यांचं मन मोडायचं नाही म्हणून. तू त्या पंख्याखाली शाल घट्ट धरून पाहुणे जाईपर्यंत बसून राहिलीस. त्यांना मुलगी पसंत पडली. तूच आजोबांना सांगितलंस, "माझं हिंव खरं म्हणून मानत नाहींत, त्यांच्या घरीं मी जाणार नाहीं."

घरात केवढं वादळ झालं असेल! एका शब्दासाठी स्थळ मोडलंस म्हणून आजी मरेपर्यंत कुरकुरली. मी लहानपणी तिचीच बाजू घ्यायचे. मला वाटायचं, थंडी तर थंडी, हिंव तर हिंव, त्यात एवढं काय? आता वाटतं की एखादी बाई मला थंडी वाजतेय म्हणते आणि समोरचा पंखा लावतो, याच्याहून मोठं भांडणाचं कारण जगात दुसरं असू नये.

पुढच्या भोगीला तू शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून आणलास. त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःचा विकत घेतलास. आणि मग दरवर्षी, त्याच एका दिवशी, त्याच एका वेळी. बाकीच्या दिवशी का नाही, असं मी विचारलं तर म्हणालीस, "बाकीच्या दिवशीं माझं कोणाशीं भांडण नाहीं."

तुझी ती पद्धत! आदल्या संध्याकाळी थर्मामीटर मागच्या अंगणात, उत्तरेच्या भिंतीला, वळचणीखाली टांगायचा. जवळ दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. पहाटे अनवाणी जायचं आणि पारा वाचताना श्वास रोखून धरायचा. "श्वास ऊन असतो गं, पारा फसतो." मी तुझ्या मागं ओठ आवळून उभी राहायची आणि तू इतका वेळ लावायचीस की माझे डोळे पांढरे व्हायचे.

आणि बाहेर अख्खी गल्ली तुझ्यासाठी खोळंबलेली! भोगीचा जाळ प्रत्येक दारासमोर रचलेला, जुन्या चटया, मोडक्या सुपल्या, काय काय. मुलं ढोलकी गळ्यात अडकवून तयार. पण टीचरम्मांनी पारा बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही, कारण जाळानं हवा तापते. "टीचरम्मा, पात्ताच्चा?" कोणीतरी भिंतीवरून ओरडायचं, पाहून झालं का म्हणून. तू आतून "पात्ताच्चु" म्हणालीस की भडका उडायचा आणि ढोलक्या सुरू व्हायच्या. तमिळ गल्लीला तू एका मराठी रुसव्याच्या तालावर नाचवलंस. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की हे सगळं पुण्याच्या एका बाईला दाखवून देण्यासाठी चाललंय.

मग आत येऊन स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीवर तू कोळशानं आकडा लिहायचीस. वर्ष आणि पारा. सगळ्यांत वर, जरा मोठ्या अक्षरात, एकच शब्द: हिंव. पोंगलसाठी घर पांढरं व्हायचं, पण तेवढी जागा सोडून. आपल्या घरात त्या कामाला नावही तेच पडलं. थर्मामीटर बघणं असं कोणी म्हणायचं नाही, हिंव पाहणं म्हणायचे. "हिंव पाहिलंस?" भोगीच्या पहाटे अंथरुणातून बाबा पहिला प्रश्न हाच विचारायचे.

मला एकदा शंका आली होती. विचारलं, "आत्ते, ती बाई काही ही भिंत बघायला येणार नाही. मग कशाला?" तू म्हणालीस, "ती नाहीं आली तरी हिंव येतं कीं."

आता गेल्या वर्षीचं. पोंगलच्या तोंडावर तुझी छाती भरली आणि तुला हॉस्पिटलात न्यावं लागलं. एकाच माणसाला सोबत राहू देत होते. शंकर तिरुप्पूरहून रजा टाकून आला होता; म्हणाला, "अक्का, तुझं ऑफिस पापनाशमला, रोज बसनं जातेस, तू दमशील, मी राहतों." माझा धाकटा भाऊ चांगला आहे, आत्ते. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढं मी काय लिहीन याचा मला भरवसा नाही.

भोगीच्या संध्याकाळी मी ऑफिसातून थेट तुझ्याकडे आले. तू मास्कच्या मागं डोळे मिटून होतीस. खोलीत पाऊल टाकलं तेव्हाच मला हुडहुडी भरली. तुझी बोटं हातात घेतली, ती गार. अंगावर हॉस्पिटलची पातळ चादर. मी तुझी तपकिरी शाल बरोबर आणली होती, ती घालायला गेले तर नर्सनं हात धरला. घरचं पांघरूण आत आणायचं नाही, नियम आहे. मी म्हटलं, मग एसी तरी कमी करा. ती म्हणाली, "श्वास लागत होता ना त्यांना? पेशंटला गार बरं वाटतं." आणि हसून पुढं म्हणाली, "तंजावुरात कसली हो थंडी?"

तेच वाक्य, आत्ते! तमिळमध्ये, पण तेच. मी शाल घेऊन घरी आले. तू पुन्हा बोलली नाहीस, आणि पोंगल होऊन गेल्यावर गेलीस.

वर्षभर मी त्या हॉस्पिटलला शिव्या घातल्या. बसमध्ये, स्वयंपाकघरात, देवासमोरसुद्धा. तुला त्यांनी गारठवलं म्हणून. पैसे घेऊन पांघरूण नाकारलं म्हणून. तो राग मला इतका उपयोगी पडला की त्याच्यावर मी सगळं वर्ष काढलं.

काल शंकर आला तो रंगारी ठरवूनच. "अक्का, घर लख्ख करूं, आत्तेला आवडायचं." मी ऑफिसातून परतले तेव्हा रंगारी तुझ्या भिंतीसमोर ब्रश बुडवून उभा होता. मी पायातली चप्पलही काढली नाही. तशीच धावले आणि त्याच्या हातातून ब्रश हिसकावला. माझा आवाज पार राजवाड्यापर्यंत गेला असेल. बिचारा रंगारी बादलीत पाय घालता घालता वाचला.

शंकरचा चेहरा पडला. त्याला देवनागरी वाचता येत नाही, तुला माहीत आहे. तू शिकवायला बसायचीस तेव्हा तो क्रिकेटला पळायचा. त्याला ती भिंत म्हणजे कोळशाची घाण वाटली होती. म्हणाला, "चूक झाली. पण तू मलाच ओरडतेस काय? आत्तेसाठी मी कमी केलों काय? मी मराठी नीट बोलत नाहीं, पण समजतों सगळं. शेवटीं तिचं मीच समजून घेतलों."

"काय समजून घेतलंस?" मी विचारलं.

मग त्यानं सांगितलं. अभिमानानं सांगितलं, आत्ते. भोगीची पहाट होती. बाहेर रस्त्यावर मुलं ढोलक्या वाजवायला लागली तशी तू जागी झालीस. मास्कमधून काहीतरी सारखं म्हणायला लागलीस. नर्सनं विचारलं, काय म्हणतायत? त्यानं कान लावला. "हवा पाय्जे, हवा पाय्जे म्हणून म्हणाली," शंकर म्हणाला. "मी सांगितलों, तिला हवा पाहिजे. ते एसी वाढवायला तयार नव्हते, अक्का. पेशंट म्हातारी आहे म्हणाले. मी भांडलों त्यांच्याशीं! रिमोट माझ्या हातानं घेतलों, अठरावर आणलों. मग ती गप्प झाली. शांत पडली. तेवढं तरी केलों तिच्यासाठीं."

मी पदर डोळ्यांना लावला. तो म्हणाला, "अक्का, रडतेस काय? चांगलंच झालं ना?"

हवा पाहिजे! भोगीच्या पहाटे, ढोलक्या ऐकून जागी झालेली माझी आत्ते हवा मागेल? तू म्हणत होतीस "हिंव पाहा". नाहीतर "हिंव पाहिलं?" नाहीतर नुसतंच, हिंव वाजतंय. यातलं कुठलं, ते मला आता कधीच कळणार नाही, आणि त्यानंच माझी झोप उडवलीय. तू पारा बघायची आठवण करत होतीस, की तुला थंडी वाजत होती? पहिलं असेल तर माझी शिक्षिका शेवटपर्यंत कामावर होती असं म्हणून मी जगू शकेन. दुसरं असेल तर काय करू, सांग ना? पंखा लावून तुला गारठवलं तो दिवस भोगीचा, आणि एसी लावून गारठवलं तो दिवसही भोगीचाच. आणि दोन्ही वेळा प्रेमाच्या माणसानं. आजोबांनी आणि शंकरनं.

मी कोणावर रागवू? हॉस्पिटलवर वर्षभर रागावले, तर ते म्हणे अठरावर आणायला तयार नव्हते! शाल मात्र नाकारली, तेवढा राग मी त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. शंकरवर रागवावं, तर तो तुझ्यासाठी भांडला. आपल्या भाषेवर रागवावं, तर ती आपण चार घरांत कशीबशी धरून ठेवलीय. पोरांना निम्मी समजते आणि निम्मी समजल्यासारखी वाटते. नेमका तो एक शब्द निम्म्याच्या पलीकडे पडला. आमच्या तोंडी थंडीला तमिळ कुळिरु, शाळेत कुळिरु, ऑफिसात कुळिरु. हिंव फक्त तुझ्या तोंडी होतं आणि तुझ्या भिंतीवर.

म्हणून खरं सांगू? सगळ्यांत जास्त राग मला तुझाच आलाय. तुला तमिळ येत नव्हतं काय? जन्मभर तमिळमध्ये मुलींना भूगोल शिकवलास. वारे, पाऊस, ध्रुवावरचं बर्फ, सगळं तमिळमध्ये! त्या नर्सला "कुळिरुदु", थंडी वाजतेय, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द! तिनं लगेच ऐकलं असतं. पण नाही. तिथंही तुझा हट्ट. पुण्याच्या बाईसमोर बदलला नाहीस, तो शब्द मास्कमागंही बदलला नाहीस. का गं? कोणाला दाखवायचं होतं आता?

का तो हट्ट नव्हताच, आणि शेवटी तेवढाच शब्द हाताशी उरला होता? असंच असणार. लिहिता लिहिता राग थोडा सैल पडतोय, आणि मला तो पडू द्यायचा नाहीये.

तुझ्या भिंतीवर मी आज पुन्हा नजर फिरवली. एवढ्या सगळ्या पहाटांत अठरा कुठंच नाही. एकोणीस एकदा आहे, त्याच्याखाली तू आनंदानं रेघ ओढलीयस. गेल्या वर्षीची जागा मोकळी आहे. गल्लीनंही तेव्हा कोणाला न विचारता जाळ पेटवले होते. बाहेरचं हिंव कोणी पाहिलं नाही. आतलं मात्र रिमोटवर लिहिलेलं होतं.

शंकर येईल आता. काल शेवटी त्यानं भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "तें वर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय?" मी म्हटलं, "उद्यां सांगतें." आज सकाळीही विचारलं त्यानं. मी पुन्हा "उद्यां" म्हटलं. रात्रभर वाटत होतं की सांगू नये, त्या बापड्यानं पुण्य म्हणून जपलेलं ते, कशाला हात लावावा? पण मग आपल्या घरात पुन्हा कोणी हिंव म्हणेल आणि पुन्हा कोणी पंखा लावेल. ते मी होऊ देणार नाही.

म्हणून तुला वचन देते, आत्ते. थर्मामीटर मी आज संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीला टांगतेय. गल्लीत सांगून आलेय, आम्ही ओरडल्याशिवाय काडी ओढायची नाही. उद्या पहाटे शंकरला उठवीन, अनवाणी नेईन, श्वास रोखायला लावीन आणि पारा त्यालाच वाचायला लावीन. "पात्ताच्चु" तोच ओरडेल. मग आत येऊन कोळसा त्याच्या हातात देईन. उद्याचा आकडा तो लिहील, आणि गेल्या वर्षीच्या मोकळ्या जागेत मी अठरा लिहीन. तुझ्या भिंतीवरचं सगळ्यांत मोठं हिंव.

तो विचारेल, हे अठरा कुठून आलं? मी उत्तर देणार नाही. वरच्या शब्दावर बोट ठेवीन आणि अक्षर अक्षर त्याच्याकडून वाचून घेईन, तू माझ्याकडून घ्यायचीस तसं. हि. त्यावर टिंब. व. तो मोठ्यानं म्हणेल, पहिल्यांदा नीट म्हणेल, आणि मग त्याला ऐकू येईल की हा शब्द आपण आधी ऐकलाय.

तेव्हा हॉस्पिटलातून परत आलेली तुझी तपकिरी शाल मी हातात घेऊन त्याच्या मागं उभी असेन. त्याला ती लागेल.

तुझी,
अजून रागावलेली,
रमा